न कळलेली अट

प्रमिलाताई गेल्या, असा फोन आंधळगावहून त्यांच्या भावाचा आला, तेव्हा मी तुमसरच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरसमोरच बसलो होतो. फोन ठेवल्यावर उगाच कीबोर्ड पुसत राहिलो... त्याला आता दीड महिना झाला.

धानाच्या जुन्या वाणांच्या नोंदी ठेवणारी आमची छोटी संस्था. सगळ्या नोंदी साठवणारा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, ताईंच्या ताब्यात, मी त्यांच्या हाताखाली, तोही कंत्राटी. सर्व्हरवरची जागा दुसऱ्या मशीनला, म्हणजे टेबलावरच्या संगणकाला जोडायची, म्हणजे माउंट करायची, तर सोबत काही अटी लिहून द्याव्या लागतात. एखादी अट ओळखीची नसली की मशीन जोडणीच नाकारते. ताईंना हा हट्टीपणा फार आवडायचा. मला मात्र राग यायचा. बाहेर शेतकरी खोळंबलेले आणि मशीन एका अटीसाठी अडून बसलेली!

काही वर्षांपूर्वी जुन्या मशीन जाऊन नव्या आल्या तेव्हा तेच झालं. ताई रजेवर होत्या. न कळलेल्या अटी गुपचूप सोडून द्यायला मशीनला सांगता येतं. मी तो शहाणपणा केला. जोडणी झटक्यात झाली, मी खूश! पण गळलेली अट अशी होती : जवळची जुनी नक्कल दाखवू नको, दर वेळी सर्व्हरला विचार. ती गेली आणि दोन मशीनवर एकाच यादीत लिहिणाऱ्या दोघीजणी नकळत एकमेकींचं लिहिलेलं पुसत राहिल्या. शेतकऱ्यांनी समोर बसून सांगितलेलं आठवड्याचं अर्धं काम गेलं, आणि पडद्यावर सगळं आलबेल.

"काहून सोडून देलं गा?" ताईंनी आल्या आल्या विचारलं.

"मले वाटलं, कामाचं नसंल..."

"मशीन सांगून राहिली होती ना, मले समजत नाही म्हणून! तूच तिचं तोंड बंद केलं."

नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो होतो. संस्थेच्या समितीच्या बैठकीला ताई एकट्याच गेल्या. मला कुणी बोलावलंच नाही, आणि नोकरीही टिकली. नंतर महिनाभर त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गावोगाव हिंडलो. "आमचीच चूक झाली, पुन्हा एकदा सांगा जी," असं त्या प्रत्येक ओसरीवर म्हणायच्या. मशीनवर त्यांनी एकदाही ढकललं नाही. इतकं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा मशीन बदलल्या आणि पुन्हा जोडणी अडली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सेटिंगची फाइल उघडली. प्रत्येक ओळीवर तिचं कारण लिहून ठेवायची ताईंची सवय होती. त्या अटीवर लिहिलं होतं : 'ही वगळू नये. एकदा वगळली, नोंदी गेल्या. चूक माझी. प्रमिला.'

बैठकीत काय झालं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. बराच वेळ काही दिसेना... मग नव्या मशीनला कळेल अशी ती अट शोधून लिहिली, जोडणी झाली. ताईंची ओळ तशीच ठेवली. तिच्याखाली माझं पूर्ण नाव घातलं आणि लिहिलं : 'चूक ताईंची नव्हती. माझी होती.'