अंगणावरचं जाळं

मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. लिहिणं म्हणजे अर्ज नाहीतर परीक्षेचा पेपर, एवढंच आम्हाला ठाऊक. शिवाय जे सांगणार आहे ते माझं नव्हेच. एका बाईचं, तिच्या झाडाचं आणि एका पक्ष्याचं आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

दोन हजार सालच्या आसपास मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी रविवारच्या निसर्गसहली सुरू केल्या होत्या. पुण्यामुंबईची माणसं येत. त्यांना आरे-वारेच्या बाजूला सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, समुद्राच्या कडेकडेने चालवत न्यायचं आणि वाटेत दिसेल ते सांगायचं, हे काम सरांनी माझ्यावर सोपवलं. मला बोलायची भीती वाटे. माझा हेल ऐकून कुणी नुसतं हसल्यासारखं केलं तरी मी पुढचं विसरून जाई.

सहल संपायची ती एका अंगणात. तिथे उंच रायवळ आंबा होता आणि त्याच्या शेंड्याजवळ समुद्रगरुडाचं घरटं. खालून बघितलं तर कुणी लाकडाचा भारा वर नेऊन ठेवलाय असं वाटे. घर एका मुसलमान बाईंचं. नवरा जन्मभर जहाजावर होता, तो वारलेला. मोठा मुलगा कुवेतला, धाकटा मासेमारीच्या लाँचवर. घरात धाकटी सून आणि रांगणारा नातू. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणे. त्या सगळ्यांना कोरा चहा देत आणि दुर्बिणीतून स्वतःचंच झाड बघून म्हणत, “एवढ्या लांबून ह्याच्यासाठी येतात?”

एका रविवारी आम्ही पोचलो तर चहा नाही. खाला हातात खराटा घेऊन उभ्या.

“ये, ये, कालेजवाल्या! तुज्या पाव्हण्यानं काय टाकलान बघ.”

टोपलीखाली समुद्रसाप होता. गरुड असे साप धरून पिल्लासाठी आणतो. एखादा नखांतून सुटतो. हा जिवंत सुटला होता आणि नातवापासून हातभर अंतरावर पडला होता. तो विषारी असतो हे मला माहीत होतं. समुद्राकाठी जन्म काढलेल्या खालांना ते माझ्याकडून शिकायची गरज नव्हती.

“आता झाड पाडायचंच,” त्या म्हणाल्या.

पुण्याच्या एक बाई पुढे झाल्या. “अहो आजी, असं नका करू. किती दुर्मिळ पक्षी आहे!”

“आजी कुणाची? आणि दुर्मिळ तो, मग माजा नातू काय बाजारात मिळतो?”

मी एवढंच म्हणालो, “खाला, वर पिल्लू आहे. ते उडेपर्यंत तरी...”

“कदी उडेल?”

“महिना. दीड महिना. नक्की नाही सांगता येणार.”

“बरा गाईड हायेस! नक्की काय म्हायत नाय नि लोकांना फिरवतोस!”

सगळे हसले. मग खालाही हसल्या. नातवाला सुनेकडे सोपवून पडवीतून एक जुनं जाळं ओढत घेऊन आल्या. “बांदा. पिल्लू उडालं की झाड पाडीन. तवर तुला शब्द.” पुण्याच्या बाईंनीही साडी खोचून एक टोक धरलं. ओटीच्या खांबापासून माडापर्यंत आम्ही ते जाळं ताणून बांधलं. त्यात मग माशांची डोकी, काटे, कधी अख्खी वाम पडू लागली. शेजारीण विचारी, “आज काय आलं गं वरून?”

बकरीदेला मोठा मुलगा कुवेतहून आला. ह्याच सुट्टीत त्याला नव्या पक्क्या घराचा पाया घालायचा होता, तोही आंब्याच्याच जागी. पिल्लू अजून घरट्याच्या काठावर उभं राहून नुसते पंख झाडत होतं. मी त्या मुलाशी वाद घालीन असं सरांना वाटलं होतं. पण तो मला ओटीवर बसवून शांतपणे म्हणाला, “भाऊ, माझी सुट्टी संपली की संपली. मग कोण बांधणार?” आमच्या घराच्या भिंती तेव्हा मातीच्या होत्या. पक्कं घर म्हणजे काय, हे मला कुणी समजावायला नको होतं. तेव्हापासून वाटत आलंय, आम्ही पाहुण्यांना जंगल दाखवायचो आणि संध्याकाळी निघून जायचो. ते ज्यांच्या अंगणात पडत होतं त्यांना कुठे जायचं होतं?

आतून खाला म्हणाल्या, “कालेजवाल्याला शब्द दिलाय मी. तुलाही घराचा दिलाय. बघू कोण आदी हालतो, वरचं पिल्लू की तू.”

परीक्षेच्या वाचनासाठी मी गावी गेलो. वाडीत फोन नव्हता. पुस्तक उघडलं की मला करवतीचा आवाज ऐकू येई. उडायला शिकलेलं पिल्लूही बरेच दिवस घरट्यावर परत येतं, हे मला माहीत होतं. पण ते खालांना सांगून आणखी मुदत मागायचं धाडस मला झालं नव्हतं.

मग एका संध्याकाळी वस्तीच्या एस.टी.चा कंडक्टर आमच्या पायरीशी आला.

“कुणाचं रे पोर उडालं? एक बाई स्टँडवर चार दिवस मला शोधत होती म्हणे.”

आई घाबरून बाहेर आली. “कुणाचं पोर? काय झालं?”

“मला काय ठावूक! तिनं सांगितलान तसं सांगतो. पोर उडालं. पण सांजचं परत येऊन बसायचं, म्हणून तिनं लाकूडवाले दोनदा माघारी धाडलान. लेक रागावला, दोन दिस जेवला नाय. आता पोर येत नाय. सोमवारी झाड पाडलान.”