फौजी पाद्र्यांचा आवाज

फौजी पाद्र्यांचा आवाज आमच्या गल्लीत त्यांच्या आधी पोचला. समोरच्या चर्चच्या कंपाउंडात ट्रकमधून सामान उतरत होतं आणि मी इकडे तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या लावून, वरणाला फोडणी देत होते. "कपाट डावीकडून घ्या. डावीकडून म्हटलं ना!" एवढंच ऐकू आलं, आणि माझ्या हातातला डाव खाली पडला. आमचे हे दुपारचे झोपले होते, ते झोपेतच डावीकडे सरकले. मी मनात म्हटलं, झालं, आता बरकतपुऱ्यातली आपली शांतता संपली.

त्यांचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण त्या नावानं हाक कुणीच मारत नसे. चर्चमधले लोक 'पाळकसाहेब' म्हणायचे, भाजीवाला 'पाद्रीसाब', आणि आम्ही दोघं 'सुभेदार'. माणूस मूळचा उदगीरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. मिसरूड फुटल्या फुटल्या फौजेत गेला, पुढे रंगरुटांना कवायत शिकवणारा ड्रिल उस्ताद झाला. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर लोक बँकेच्या दारात सिक्युरिटीला उभे राहतात. हे गेले मिशनच्या कॉलेजात, पोरांच्या बाकावर बसून धर्मशास्त्र शिकायला, आणि मेथडिस्ट पंथाचे पाळक होऊन बाहेर आले. मेथडिस्टांत पाळकाची बदली होते. वर्षातून एकदा परिषद भरते, बिशप नावं वाचून दाखवतात, आणि ज्याला जिथं सांगितलं तिथं त्यानं जायचं. "वहिनी, माझं आयुष्य काही बदललेलं नाही," ते म्हणायचे. "नाव पुकारलं की ट्रंक उचलायची. फक्त आता ट्रंकेत बंदूक साफ करायचं तेल नसतं." त्या ट्रंकेनंच त्यांना आमच्या गल्लीत आणलं आणि काही वर्षांनी इथून नेलंही.

समोरच्या चर्चमध्ये रविवारी आधी तेलुगू उपासना, मग इंग्रजी, आणि सगळ्यांचं आटोपलं की उरलेल्या वेळात मराठी. मराठी मंडळी थोडकी, बीदर-उदगीरकडून पोटासाठी हैदराबादेत आलेल्या जुन्या घरांतली. इतर पाळक गोड आवाजात "आपण उभे राहू या" म्हणतात. सुभेदार म्हणायचे, "उठा." म्हातारेकोतारे गुडघेदुखी विसरून ताडकन उभे राहायचे. मी काही ख्रिस्ती नाही, पण हंगामाच्या सणाला न चुकता जायची, कारण त्या दिवशी लोक घरचं पहिलं पीक देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. शहरात कसलं आलंय पीक? गच्चीवरची लिंबं, कुंडीतला कढीपत्ता, कुणाच्या मामानं गावाहून पाठवलेला भोपळा. एका वर्षी कुणीतरी कोंबडी आणली होती. सुभेदारांनी लिलाव पुकारायला तोंड उघडलं मात्र, कोंबडी जी उडाली ती थेट ऑर्गनवर. भोपळा मात्र मी घेतला, चांगला निघाला.

त्यांच्या घरात तीन माणसं. मार्थाबाई म्हणजे शांत, खोडकर डोळ्यांची बाई. नवऱ्याचा आवाज चढला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. आणि एकुलता एक सॅमी. सॅमी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीच्या एका कंपनीत होता आणि तिकडेच खोली घेऊन राहायचा. ट्रॅफिकमुळे, असं सांगायचा. ट्रॅफिक कसलं, बापाच्या आवाजापासून पळाला होता पोरगा, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. रविवारी यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, जेवायचा आणि जायचा. बाप दहा वाक्यं बोलला की तो एक बोलायचा, "हो, पप्पा." मार्थाबाई म्हणायच्या, "ताई, ह्यांचं बोलणं म्हणजे परेड आहे. एक हुकूम सोडतो, दुसरा पाळतो, आणि मग दोघंही आपापल्या बराकीत जातात."

तुम्ही पाद्री कसे झालात, हे मी त्यांना एकदा सरळच विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या हाताखालचा एक पोरगा बर्फात गेला. त्याला घरी पोचवायला मला पाठवलं. त्याच्या आईनं विचारलं, माझं लेकरू शेवटी काय बोललं? मी त्या माउलीसमोर सावधानमध्ये उभा राहिलो, वहिनी. मला दुसरं काही येतच नव्हतं. ओरडायला शिकलो होतो, बोलायला नाही." परत येताना गाडीतच त्यांनी ठरवलं म्हणे. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांनी आमच्या खिडकीतून ओरडून खाली कुणाची तरी स्कूटर फाटकासमोरून काढायला लावली, आणि माझ्या हातातला चहा सांडला.

अशा माणसाचा आवाज बसला. आधी नुसती खरखर होती. आम्ही सगळ्यांनी आपापलं डॉक्टरी ज्ञान पाजळलं. मी ज्येष्ठमध दिला, मार्थाबाईंनी हळदीचं दूध, भाजीवाल्यानं कसला तरी युनानी काढा. सुभेदारांनी सगळं घेतलं आणि ओरडणं काही सोडलं नाही. शेवटी आवाज पार चिरका झाला तेव्हा सॅमी सुट्टी काढून आला आणि त्यांना कोठी भागातल्या गळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. काढून तपासायला पाठवावी लागेल, म्हणाले. साधी असेल तर उत्तमच, नसेल तर पुढचं पुढे. आणि आवाज? डॉक्टरांनी हात वर केले. येईल बहुतेक, पण पहिल्यासारखा येईल अशी खात्री देत नाही.

गाठ काढली आणि सक्त ताकीद मिळाली. जखम भरेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, कुजबुज तर मुळीच नाही. सुभेदारांनी एक पाटी गळ्यात अडकवली. पाटीवरही मेले हुकूमच. 'चहा.' 'पंखा बंद.' 'इस्त्री.' मार्थाबाईंना दोन दिवसांतच एक गंमत कळली: पाठ फिरवली की पाटी दिसत नाही. आवाजाचं तसं नव्हतं, तो भिंतीतून यायचा. मग सुभेदारांना उठून त्यांच्या समोर जावं लागे, त्यांनी मान वर करेपर्यंत थांबावं लागे. "लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या एवढ्या जवळ येऊन कधी बोलला नव्हता," मार्थाबाई म्हणाल्या, आणि हसता हसता एकदम रडायला लागल्या. तपासणीचा निकाल अजून यायचा होता.

रविवारचं काय, हा मोठाच प्रश्न होता. मराठी येणारा दुसरा पाळक आसपास नव्हता. कमिटीतले एकजण म्हणाले, थोडे दिवस मराठी उपासना बंद ठेवू, सगळे तेलुगूत बसू. सुभेदारांनी जोरात मान हलवली. बंद पडलेली उपासना परत सुरू होत नाही, हे त्यांनी दोन गावांत पाहिलं होतं. त्यांनी ठरवलं, मार्थाबाई बायबलमधलं शास्त्र वाचतील, बाकी सगळं ते स्वतः हाताच्या खुणांनी चालवतील. आता त्यांना येणाऱ्या खुणा कुठल्या? फौजेतल्या. रविवारी सगळ्यांनी गुडघे टेकावेत म्हणून त्यांनी पंजा जमिनीकडे करून दोनतीनदा खाली दाबला. बायाबापड्यांनी गुडघे टेकले. पण आमच्या गल्लीतले, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार त्यातच होते. त्यांनी ती फौजेतली 'आडवे व्हा'ची खूण बघितली आणि सवयीनं बाकाआड सपशेल आडवे झाले. त्यांना उठवायला चौघं लागले. सुभेदारांना हसू आवरेना, आणि हसायलाही बंदी असल्यामुळे बिचारे पुलपिटाचा, म्हणजे उपदेशाच्या ओट्याचा, कठडा धरून नुसते गदगदा हलत होते.

उपदेश मात्र खुणांनी होत नाही. तो कुणी वाचायचा, यावर घरात चर्चा झाली तेव्हा सुभेदारांनी पाटीवर लिहिलं, 'सॅमी?' मार्थाबाईंनी मला ते मुद्दाम येऊन सांगितलं, कारण त्या पाटीवर हुकमाऐवजी विनंती पहिल्यांदाच आली होती. सॅमी दचकला. मराठी तो बोलायचा आमच्यासारखंच, हैदराबादी, पण देवनागरी वाचताना त्याची दमछाक व्हायची. शाळाच सगळी इंग्रजीत झालेली. तरी तो नाही म्हणाला नाही. शनिवारी मार्थाबाई सुभेदारांचं अक्षर वाचायच्या, सॅमी ते मोबाइलवर इंग्रजी लिपीत उतरवायचा आणि मग मोठ्यानं वाचायचा. चुकला की सुभेदार टेबलावर मूठ आपटायचे. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा सॅमी थांबला. "पप्पा, असं करणार असाल तर मी नै वाचत." मी तिथंच होते, डबा परत द्यायला गेले होते. आता काय होतंय म्हणून मी दारातच थांबले. सुभेदारांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसून राहिले.

मग ते रोजचंच झालं. सॅमी ऑफिसातून इकडेच यायचा. उपदेश वाचून झाला तरी बसायचा, आणि काय काय सांगायचा. मागच्या वर्षी नोकरी जाता जाता वाचली होती, हे त्यानं तेव्हा सांगितलं. आईबापांना पत्ताच नव्हता. सुभेदारांना मधे तोडता येत नव्हतं, म्हणून सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'एकटाच होतास?' सॅमीनं मान डोलावली. एवढंच झालं, पण मार्थाबाईंनी त्या दिवशी शेवया केल्या आणि वाटीभर आम्हालाही पाठवल्या.

निकाल आला तो सॅमीच्या फोनवर. मी आमच्या बिल्डिंगचा जिना उतरत होते, तो आमच्याकडेच यायला चढत होता. फोन ऐकता ऐकता तो पायरीवरच बसला. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "साधी आहे, काकू. कॅन्सर नै." हुश्श म्हणून मीही त्याच्याशेजारी बसले, गुडघे दुखतात तरी. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "एक बोलू? गलत नका समजू. पप्पांचा आवाज यायला पायजे, मी रोज दुआ करतो. पण आवाज आला की पैलेसारखंच होणार ना सगळं?" पोरगं चुकीचं काहीच बोलत नव्हतं. मी आपलं "चल, चहा घे" म्हटलं. पण तेव्हापासून त्याची धास्ती मलाही लागली.

आवाज तपासायला गेलो तेव्हा मार्थाबाईंच्या सोबतीला मी होते. डॉक्टर म्हणाले, "एक से दस गिनो, पाद्रीसाब. हल्लू, एकदम हल्लू." सुभेदारांनी तोंड उघडलं. एक. दोन. तीनपर्यंत आल्यावर मार्थाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आवाज आला होता. बारीक, थोडा घोगरा, शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसा, पण आला होता. डॉक्टर म्हणाले, बोला खुशाल, पण ओरडणं बंद, कायमचं. परत येताना गाडी सॅमी चालवत होता. सुभेदार त्याच्याशेजारी बसले होते. मी मागच्या सीटवर, आता पहिला हुकूम सुटतो की काय म्हणून, कान टवकारून बसले होते.

त्या रविवारी मीही चर्चमध्ये गेले. तेलुगू मंडळीही घरी न जाता थांबली होती. सुभेदारांनी माईक जवळ ओढून प्रार्थना केली. इतक्या हळू, की पंखे बंद करावे लागले. मग उपदेशाची वेळ आली आणि सगळे सरसावून बसले. सुभेदार म्हणाले, "सॅमी, काल तुला मोबाइलवर पाठवलाय तो वाचशील का? मला ऐकायचा आहे." सॅमी गोंधळून उठला. त्यानं मोबाइल उघडला. सबंध उपदेश इंग्रजी लिपीत होता, सुभेदारांनी एका बोटानं स्वतः टाइप केलेला. मार्थाबाई माझ्या कानात म्हणाल्या, तीन दिवस बसले होते.

सुभेदार पुलपिटावरून खाली आले आणि पहिल्या बाकावर आमच्याशेजारी बसले. सॅमी वाचू लागला. बरा वाचत होता. मग एका लांब शब्दाला अडला. दोनदा प्रयत्न केला, जमेना. कान लाल झाले त्याचे. मी घाबरून सुभेदारांकडे पाहिलं. त्यांचे डोळे पोरावर होते आणि ओठ हलत होते. तो शब्द त्यांच्या ओठांवर पुन्हा पुन्हा येत होता, आणि आवाज असूनही माणसानं तो बाहेर पडू दिला नाही. सॅमी मागे गेला, वाक्य पहिल्यापासून घेतलं, आणि पुढे गेला.