इंदूबाईच्या अकरा बाभळी

वेडी बाभूळ आणि आपली गावठी बाभूळ, यांतला फरक तुम्हाला सांगता येतो का? काट्यांवरून सांगू नका. काटे दोघींनाही असतात. लोकांना झाडं दाखवत फिरताना मी काट्यांवरूनच सांगत आलो. दहा वर्षं लोक माना डोलावत होते, म्हणून मलाही वाटलं की मला कळतं. चुकतोयस असं तोंडावर म्हणाली ती एकटी इंदूबाई.

इंदूबाई गजघाटे. वय पासष्टच्या मागेपुढे. जरीपटक्याच्या बाजारात, भाजीच्या ओळीच्या अगदी शेवटाला, ओल्या पोत्यावर बाभळीच्या दातूनच्या, म्हणजे दात घासायच्या काड्यांच्या, जुड्या मांडून बसते. धंदा मूळ सासूचा. सासूनं शिकवलं ते असं, की फांदी करंगळीएवढी झाल्याशिवाय तोडायची नाही, आणि एकदा तोडली की पुढचे दोन पावसाळे त्या बाजूला जायचं नाही. नवरा बळीराम गेला तेव्हा पोरगी सरिता चौथीत होती. तिचं शिक्षण, लग्न, सगळं या दातूनवर झालं. गिऱ्हाईक बहुतेक म्हातारं. "ज्यायचे दात गेले, त्यायलेच दातूनची आठवण येते," असं म्हणून ती स्वतःच हसते.

बाजारामागच्या नाल्याकाठी अकरा गावठी बाभळी होत्या. लावल्या कोणी नाहीत, कागदावर कुठं नाहीत. चाळीस वर्षं तिनं त्या आळीपाळीनं छाटल्या.

त्याच नाल्यावर वेडी बाभूळ माजली होती. पायवाट बंद, खाली गवताची काडी नाही. ती काढायची मोहीम मी उभी केली. सह्या जमवल्या, अर्ज केले, साहेबांच्या दारात बसलो. शेवटी मंजुरी आली आणि खुणा करायचं काम माझ्याकडेच आलं. एप्रिलात मोहिमेतली चारसहा मंडळी आणि लाल रंगाचा डबा घेऊन निघालो. काटा दिसला की फुली.

सातव्या गावठी बाभळीवर फुली मारत होतो, तेव्हा इंदूबाई विळा घेऊन आली.

"भाऊ, इले काहून रंगवून राहिला गा?"

"वेडी बाभूळ आहे, मावशी. काढायची आहे."

"वेडी तुह्या मागं हाय. हे गावठी. इची शेंग पाह्य." तिनं एक शेंग तोडून माझ्या हातात दिली. करडी, लवदार, दर बीपाशी फुगलेली आणि मधे आवळलेली, मणी ओवल्यासारखी. "वेडीची शेंग सरळ राह्यते, कंबर नाही तिले. फूलबी कणसावानी लांब. इचं फूल गोल, पिवळं, लेकराच्या टोपीच्या गोंड्यावानी. पावसाळ्यात ये, दाखवतो."

मी शेंग न बघताच खिशात टाकली. "मावशी, दहा वर्षं हेच काम करून राहिलो मी. मले नका शिकवू."

सोबतची मंडळी हसली.

"शिकवून नाही राहिली गा," ती म्हणाली. "शिकाले मान खाली करा लागते. तुह्यी तं वरच अडकली."

मंडळी पुन्हा हसली, आता मला. डोकं सणकलं माझं. उरलेल्या चार झाडांवर मी तिच्यासमोरच फुल्या मारल्या, एकेका झाडावर दोन दोन.

चौथ्या दिवशी मशीन आलं. दुपारपर्यंत सगळं आडवं. वेड्या बाभळीच्या ढिगाशेजारी अकरा बुंधे पडले होते, आतून लालसर, कापलेल्या सालीतून डिंक सुटलेला. दोन्हींच्या शेंगा एकमेकींवर सांडल्या होत्या. ते बघायला शाळा लागत नव्हती, डोळे लागत होते. इंदूबाई पुन्हा विळा घेऊन आली. पडलेल्या फांद्यांमधून मिळेल ती दातून तोडत राहिली, बारीक, कोवळी, कशीही. आयुष्यात पहिल्यांदा.

जून लागला आणि वेडी बाभूळ बुंध्यातून पुन्हा फुटली. आज माझ्या कमरेला लागते. गावठी मुळावर तोडली की सहसा फुटत नाही. अकरांपैकी एकही फुटली नाही.

मी बाजारात गेलो. चुकलं म्हणालो. ते म्हणायला मला चार महिने लागले.

"तुहं चुकलं ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "दातून कुठून आणू, ते सांग."

अकरा रोपं लावल्याचं सांगितलं. तोडायजोगी व्हायला सहा-सात वर्षं.

"आन मले हायेत का तेवढे?"

आता ती आठवड्यातून दोनदा बसनं सावनेरकडे जाते, शेतांच्या बांधांवर, धुऱ्याधुऱ्यानं बाभूळ शोधते. कोणी तोडू देतं, कोणी हाकलतं. पोतं तीनच दिवस मांडलं जातं. गुडघे धरलेत, पण बसायला वेळ नाही म्हणते.

तुमच्या शेताच्या धुऱ्यावर, शाळेच्या आवारात, प्लॉटच्या कोपऱ्यात गावठी बाभूळ उभी असेल, तर ती तोडू नका. इंदूबाईला छाटू द्या. झाडाला धक्का लागणार नाही, ते काम तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला फोन करू नका. जरीपटक्याच्या बाजारात जा आणि पत्ता तिलाच सांगा.