ग्वाल्हेरच्या तळ्याकाठची आमची समाधी

जानेवारीत अरुणदादाचा फोन आला. "सुमे, समाधीवर दगड लावून राहिलो आहे. तू ये. खानदानातलं कोणी लिहिणारं पाहिजे." अरुणदादा म्हणजे माझा चुलतभाऊ, बँकेतून निवृत्त, मुक्काम जयेंद्रगंज, ग्वाल्हेर. माझे बाबा नोकरीसाठी पुण्याला आले, काका तिथेच राहिले. त्यामुळे आम्ही नुसते पुणेकर झालो आणि दादा मात्र अजून सरदार आहे. मी तिकीट काढलं. आयता पाहुणचार आणि तिथली डाळ भरलेली बेढई पुरी, दोन्हीला नाही म्हणायची माझी पद्धत नाही.

आता ही समाधी काय भानगड आहे ते सांगते. शहरापासून सव्वा तासावर एका गावाच्या तळ्यालगत, छातीइतका उंच मातीचा खांब उभा आहे. आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई होते. दर दसऱ्याला ते बाबांना आणि काकांना तिथे न्यायचे, खांबाला हळदकुंकू वाहायचे, "नमस्कार करा" म्हणायचे आणि परत आणायचे. का, ते सांगायचे नाहीत, आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. मग पोरांनीच ठरवून टाकलं: दख्खनेतून आलेलं घराणं, त्यात दसरा, म्हणजे कोणीतरी पूर्वज इथे लढताना पडला असणार! बाबांनी त्या पूर्वजाला घोडा दिला, दादाने सरदारकी दिली. आमच्या घरात बढत्या मेल्यावरच मिळतात.

पुण्याहून थेट गाडी आहे. पूर्ण एक दिवस जातो, आणि जानेवारीत धुक्याचे वरचे तीन-चार तास हसतमुखाने सोसायचे. पुण्याचा स्वेटर तिथे बनियनच्या लायकीचा, तेव्हा शाल घ्याच. सकाळी महाराज बाड्याच्या चौकात उभ्याउभ्या बेढई, तिच्यावर बटाट्याचा झणझणीत रस्सा आणि मग जिलबी. दोघांचं शंभरात आटोपलं. "भैया, आलू थोड़ा और," असं दादा तीनदा म्हणाला आणि तीनदा मिळालं. सरदारकीचा एवढा एक फायदा मी डोळ्यांनी पाहिला.

गाडीच्या डिकीत संगमरवरी दगड होता. त्यावर कोरलं होतं, ‘रणवीर सरदार यांची समाधी’.

"नाव कुठे आहे रे?" मी विचारलं.

"नावाचं नंतर पाहू. रणवीर तर पक्कं आहे ना!"

वहिनीने पूजेचं ताट दिलं आणि दादाला बजावलं, "दगड तुम्ही उचलू नका हं, तुमची कमर आधीच गेलेली आहे." रणवीरांचे वंशज निघाले.

रस्ता आधी लोण्यासारखा. मग एकेरी. शेवटचे सहा किलोमीटर तो फक्त नकाशात आहे. दोन्हीकडे मोहरी फुललेली. पाणी बरोबर ठेवा, वाटेत काही मिळत नाही. तळं मात्र बघण्यासारखं आहे हो! लांबच लांब मातीचा बांध, भरलेलं पाणी, काठाला बगळे. बांधाला माती जिथून काढली त्या खड्ड्यात आमचा खांब, चुना फासलेला, वर लाल झेंडी.

खड्ड्याच्या काठावर एक म्हातारी उन्हात बसून शेळ्या राखत होती. सगळे तिला अम्मा म्हणतात, वय पंच्याऐंशीच्या आसपास. दादाने दगड दाखवून रुबाबात सांगितलं, "अम्मा, ये हमारे पुरखे की समाधी है."

"समाधी?" अम्मा म्हणाली. "भैया, जे तो मटाम है."

मटाम म्हणजे काय, ते तिने आम्हा दोन शिकलेल्यांना हाताने दाखवून समजावलं. खड्डा खणताना मधे मधे मूळ जमिनीचा एकेक खांब तसाच सोडायचा. तो मोजला की किती खोल खणलं ते कळतं, आणि त्यावर मजुरी. मापं झाली की खांब पाडून टाकायचे.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, त्यात पावसाने दगा दिला. नव्या सरकारने दुष्काळी काम काढलं: तळं खणा, बांध घाला, धान्य न्या. अम्मा तेव्हा आठेक वर्षांची, आईबरोबर माती वाहायची. "और खोदता था बापू दक्खिनी. फौज से निकाला हुआ."

बापू म्हणजे बापूराव. आमचे आजोबा. दादाने ताट खाली ठेवलं.

घरची कथा अशी की फौज मोडल्यावर आजोबा मान राखून घरी बसले आणि काही महिने ‘बाहेरगावी देखरेखीला’ होते. देखरेख! कुदळीची केली असेल.

अम्मा पुढे सांगत होती. मुकादमाने खोली कमी लिहिली आणि फेरमोजणी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी मटाम पाडायला माणसं पाठवली. बापू या खांबापुढे जाऊन उभा राहिला. दोन दिवस हलला नाही. शेवटी शहरातून मोठा साहेब आला, त्याने स्वतः फीत लावली आणि सगळ्या टोळीला पुरं धान्य मिळालं. बाकीचे मटाम पाडले. हा बायकांनी पाडू दिला नाही. दर दिवाळीला त्या चुना लावतात. "हर दसहरे आते थे बापू, बच्चों को लेके. हमारी अम्मा को राम-राम करके जाते."

मी थट्टा करायला आले होते. चपला काढून खांबाला नमस्कार केला.

दादा खालच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, जे बात किसी से कहना मत."

अम्मा बोळकं उघडून हसली. "किससे कहूँ? सबई जानत हैं. तुमई नईं जानत हते."

दगड डिकीतच परत निघाला. गाडीत मी भडकले. "लाज कसली वाटते रे तुला? दोन दिवस पाय रोवून उभा राहिलेला आजोबा नको, आणि बिननावाचा घोडेस्वार हवा?"

"तुझं काय जातं? तू पुण्याला निघून जाशील. मला इथेच राहायचं आहे. मराठी समाजाच्या कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवतात. मजुराच्या नातवाला कोण बसवेल?"

"तुझे गुडघे दुखतात, दादा. कुठल्याही रांगेत बस, पण बस!"

तो हसला नाही. स्टेशनवर तिळाच्या गजकचे चार डबे हातात दिले आणि गाडी सुटायच्या आत निघून गेला.

पुण्यात पोचले तर घराण्याच्या ग्रुपवर त्याने खांबाचा फोटो टाकलेला: ‘समाधीचं दर्शन झालं.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. माझ्या मुलीनेही जोडले होते. खरं लिहायला मी दोनदा बोट टेकवलं आणि दोनदा काढून घेतलं. पहिली रांग माझी नसली, तरी सरदार घराण्यातली म्हणवून घ्यायला मलाही आवडतच होतं की! तळ्यावर आजही गावाची शेती भिजते, आणि ते खणणारा आमचा माणूस आम्ही घोड्याखाली पुरला होता.

म्हणून हे लिहिलं, आणि छापण्याआधी दादाला पाठवलं. मला वाटलं, संपलं नातं. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"सुमे, अम्मा हातांचं काही बोलली का गं?"

"कुठल्या हातांचं?"

"आजोबांच्या. बंदूक धरणारे हात ते. कुदळीने पहिल्याच दिवशी फोड आले असतील."

"नाही रे. मी विचारलंच नाही."

"मग मी रविवारी जाऊन विचारून येतो," दादा म्हणाला. "तू छापायला दे लेख."