सेटिंगचा दोष

पहिल्या चौदा फेऱ्या मी चुकीच्या गाडीचं कौतुक करत होतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथून आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

माझ्या बाजूनं बोलायचं तर दिसत काही नव्हतं. टीव्हीवर संध्याकाळची मोटारींची रेस, युरोपात कुठेतरी, आणि तिथे आमच्या चारकोपपेक्षा जास्त पाऊस. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं पाणी मागच्या गाडीवर, तिचं तिच्या मागच्या गाडीवर. पडद्यावर नुसता पांढरा धूर आणि त्यात लुकलुकणारे लाल दिवे. एका संघाच्या दोन गाड्या असतात आणि दोन्ही एकाच रंगाच्या. त्यातल्या एका ड्रायव्हरवर माझा फार जीव. तो सहाव्या नंबरवरून तिसऱ्यावर आला तेव्हा मी सोफ्यावरून उठून भाषणच केलं. पावसात गाडीबिडी सगळं बाजूला राहतं, खरा माणूस दिसतो तो पावसात, बघा कसं पाणी कापतोय, वगैरे.

माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, हा तो नाहीये. डोक्यावरचा कॅमेरा पिवळा दिसतोय ना, म्हणजे दुसरी गाडी. तुझ्याचा काळा असतो, तो तेरावा आहे."

पाच वर्षं मी हा खेळ बघतो आणि ऑफिसात त्याच्यावर अधिकारानं बोलतो. कॅमेऱ्याच्या रंगावरून गाडी ओळखतात हे मला त्या दिवशी कळलं. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला माझे मेहुणे बसले होते. ते टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाले, "काय भावोजी, माणूस दिसला ना पावसात? फक्त दुसराच दिसला."

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. तिचे दादा, म्हणून माझेही दादा. वहिनी गेल्यापासून वाकोल्याला एकटेच राहतात. आधी ट्रक, मग टेम्पो आणि शेवटची अकरा वर्षं एका कंत्राटदाराची स्टाफबस, असं अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्टिअरिंग धरलं. सकाळी बोरिवलीपासून माणसं उचलायची आणि साकीनाक्याच्या बाजूला त्यांच्या कंपनीच्या दारात सोडायची. रेसच्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि रेस संपवून जायचे. वाद ठरलेला असायचा. मुलीचं म्हणणं, जिंकते ती गाडी. गाडीचा मागचा पंख किती तिरका लावला, गाडी जमिनीपासून किती वर ठेवली, टायर कुठले घेतले, यावर सगळं ठरतं. दादांचं म्हणणं, जिंकतो तो हात. गाडी काय स्वतःहून वळते का? मला लायसन्स आहे, पण गाडी सोसायटीच्या गेटमधून काढताना वॉचमन माझ्यासाठी दोन्ही बाजूंची माणसं थांबवतो. मी आपला ज्याची बाजू वरचढ दिसेल त्याच्या बाजूचा.

त्या रविवारी मात्र दादा हसत होते तरी त्यांचं लक्ष रेसमध्ये नव्हतं. तीन दिवसांपूर्वी, गुरुवारी, त्यांची बस घसरली होती. धो धो पाऊस, पुढे एक रिक्षा अचानक थांबली, दादांनी ब्रेक दाबला आणि बस सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली जाऊन दुभाजकावर चढली. चार-पाच जणांना मुका मार, एका मुलीच्या कपाळाला तीन टाके. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

कंत्राटदाराचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं दादांना सांगून ठेवलं होतं की सोमवारी ऑफिसला या, ज्या कंपनीची माणसं आपण नेतो तिचाही अधिकारी येणार आहे. त्याच्यासमोर चूक कबूल करा, पंधरा दिवस घरी बसा, मग दुसऱ्या रूटवर घेतो. दादा तयार होते. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न लागणार. ही बस सुटली तर या वयाच्या माणसाला दुसरी कोण देणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

इकडे रेसमध्ये पहिल्या नंबरची गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ जाऊन चिखलात बसली. मुलीनं लगेच उकल करून सांगितलं. शनिवारी कोरडं होतं, तेव्हा त्यांनी गाडी कोरड्यासाठी लावली. जमिनीला टेकेल इतकी खाली. एकदा शनिवारी लावली की रविवारी हात लावायचा नाही असा नियम. मग पाण्यावर तिची होडी झाली, त्यात ड्रायव्हर काय करणार, सेटिंगच चुकली.

"त्याच वळणावरून बाकीचे गेले ना?" दादा म्हणाले. "तुझी ती पिवळ्या कॅमेऱ्याची गेली ना?"

"त्यांची सेटिंग वेगळी, मामा."

"सेटिंग कशीही असू दे गं. सीटखाली कळतं माणसाला. पहिल्याच फेरीत कळतं की आज ही ऐकणार नाही. मग त्या अंदाजानं चालवायची. नाही चालवली तर चूक हाताची."

आता खरं तर मी गप्प बसायला हरकत नव्हती. पण कॅमेऱ्याचा रंग अजून माझ्या डोक्यात ठणकत होता. मी तिथल्या तिथे पार्टी बदलली आणि म्हटलं, तेच तर मी म्हणतोय, ड्रायव्हर कोण आहे याला काही अर्थच नाही, सगळं सेटिंगवर आहे. दहा मिनिटांपूर्वी मी नेमकं उलटं बोललो होतो, हे मुलीनं मला लगेच ऐकवलं. मग मला हा वाद जिंकणं भागच पडलं. आणि जिंकायला हाताशी एकच गोष्ट होती.

"मग दादा, गुरुवारी तुमच्या सीटखाली कळलं नव्हतं का?"

मुलीनं फोन खाली ठेवला.

"कळलं होतं," दादा म्हणाले. "महिनाभर कळत होतं. ब्रेक उजवीकडे ओढत होता. पुढचे टायर गुळगुळीत झालेले. दोनदा सांगितलं मी, बघू म्हणाले. मी त्या अंदाजानं चालवत होतो. गुरुवारी अंदाज चुकला."

एखाद्या वकिलाला अशील सापडावा तसं मला झालं. मी म्हटलं, मग चूक तुमची कशी? उद्या हेच सांगा. माफी कसली मागताय? दादा म्हणाले, जाऊ द्या हो भावोजी, मॅनेजरनं सगळं ठरवलंय, एक वाक्य बोलायचं आणि सुटायचं. मी म्हटलं, प्रश्न एका वाक्याचा नाही, न्यायाचा आहे. हे ऐकून बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. मी पान्हा घेऊन बेसिनखाली शिरतो तेव्हा ती बघते तसं माझ्याकडे बघितलं आणि भावाला म्हणाली, "दादा, तू माफी माग आणि मोकळा हो. ह्यांचं ऐकू नकोस."

पण त्यांनी माझं ऐकलं. का ऐकलं ते मला अजून कळलेलं नाही. मी ऑफिसात बसतो, पत्रं लिहितो, मला साहेबलोकांशी बोलता येतं असा त्यांचा समज असेल. उरलेली रेस कोणी बघितली नाही. मी दादांकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. साहेब, माझ्या हाताचा दोष नाही, सेटिंगचा दोष आहे. मुलगी म्हणाली, सेटिंग कशाला, ब्रेक आणि टायर म्हण ना सरळ. मी म्हटलं, सेटिंगमध्ये सगळं येतं, शब्दाला वजन आहे. आणखी एक सल्ला दिला. एकदा बोललात की मागे हटायचं नाही.

सोमवारी मी हाफ डे टाकून सोबत गेलो. साकीनाक्याला एका गाळ्याच्या वर कंत्राटदाराचं ऑफिस, आत काचेची केबिन. मला बाहेर खुर्ची दिली. काचेचं दार पुरतं लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. दादांनी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. मॅनेजरनं सुरुवात फार चांगली केली. कंपनीच्या अधिकाऱ्याला, तो गळ्यात कार्ड अडकवलेला तिशीतला माणूस होता, सांगितलं की काका आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, अकरा वर्षांत ओरखडा नाही, काय झालं ते तेच सांगतील. रस्ता इतका साफ करून दिला होता की दादांना नुसतं 'चुकलं' म्हणायचं होतं.

दादा उभे राहिले. दोन्ही हात मागे बांधले.

"साहेब, माझ्या हाताचा दोष नाही," ते म्हणाले. "सगळी सेटिंग आहे."

वाक्यातला एक शब्द गळला आणि एक वाढला. आता या शहरात कुठल्याही ऑफिसात कोणी 'सगळी सेटिंग आहे' म्हणालं तर नटबोल्ट कोणाच्या मनात येत नाहीत. कोणी कोणाला गाठून कुठला कागद करून घेतला, ते येतं.

अधिकाऱ्यानं लॅपटॉपमधून वर बघितलं. "कसली सेटिंग?"

मॅनेजर मोठ्यानं हसला, जरा जास्तच मोठ्यानं. काकांना तसं म्हणायचं नाही, म्हणाला. पण काकांना मागे न हटण्याची शिकवण मिळाली होती.

"महिनाभर सगळ्यांना माहीत आहे, साहेब."

मी खुर्चीवरून उठलो. दार दोन पावलांवर होतं. आत जाऊन एवढंच सांगायचं होतं की साहेब, हा शब्द माझा, ह्यांना ब्रेक म्हणायचंय. मी पाण्याच्या जारपाशी गेलो आणि ग्लासभर पाणी प्यायलो. परत येऊन बसलो तेव्हा अधिकारी त्या बसचं फिटनेसचं सर्टिफिकेट मागत होता आणि मॅनेजर एकामागून एक खण उघडत होता. त्या कागदांत काय होतं ते मला माहीत नाही. मॅनेजरच्या मानेला घाम आला होता, एवढं मी काचेतून बघितलं.

अधिकारी कागदांचे फोटो काढून निघून गेला. त्यानंतर मॅनेजर ओरडला वगैरे नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाला, "काका, मी तुम्हाला वाचवायला बसलो होतो. चावी ठेवा."

दादांनी खिशातून चावी काढली, रुमालानं पुसली आणि ठेवली.

येताना रिक्षात दादांनी विचारलं, "भावोजी, मी काही उलटं बोललो का?" मी म्हटलं, नाही, थोडंसं. वाकोल्याला उतरताना म्हणाले, "गाडीला दोष दिला मी. इतक्या वर्षांत कधी दिला नव्हता." पुढे आणखी काही बोलतील म्हणून मी थांबलो. ते जिना चढून गेले.

तीन महिने त्यांनी बस शोधली. आता सांताक्रूझला एका शाळेच्या व्हॅनमध्ये असतात, पण डाव्या बाजूला. दार उघडायचं, मुलं मोजून आत घ्यायची, दार लावायचं. चालवणारा पंचविशीतला आहे आणि ब्रेक उशिरा मारतो, त्यामुळे दादांचा उजवा पाय दिवसभर नुसता खालचा पत्रा दाबत असतो. संध्याकाळी पोटरीला गोळे येतात. हे त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं. मला सांगत नाहीत. भाऊबीजेला आले तेव्हा स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले होते; मी बाहेर टीव्ही लावला, तरी आतच बसले. रविवारी येत नाहीत. व्हॅनला रविवारी सुट्टी असते.

मी रेस बघतो. मुलगी तिच्या खोलीत फोनवर बघते. मध्यंतरी पुन्हा एक पावसाची रेस झाली. माझ्या आवडत्यानं सहा गाड्या मागे टाकल्या. कॅमेरा काळा आहे याची मी दोनदा खात्री करून घेतली, पण कोणाला सांगणार?

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की त्याची बायको त्याच कंत्राटदाराच्या बसनं जाते, आणि त्या प्रकरणानंतर कंपनीनं असा दट्ट्या लावला की सगळ्या बसना नवे टायर आले, ब्रेकची कामं झाली, आता दर महिन्याला तपासणी असते. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सगळं भाषण तयार केलं. बायको ओट्यापाशी उभी होती. मी तिला सांगितलं की बघ, दादांच्या एका वाक्यानं सगळ्या बसगाड्या सुधारल्या. त्या मुलीसारखे टाके आता कोणाला पडणार नाहीत. दादांना हे कळायला हवं, त्यांना बरं वाटेल. रविवारी मी स्वतः वाकोल्याला जाऊन त्यांना नीट समजावून सांगतो.

कुकरची शिट्टी होत होती. तिनं ती होऊ दिली, गॅस बारीक केला.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही दादाला आता काही समजावून सांगू नका."