पोळ्याला पुजलेली मोटार

चहा आधी संपवून घ्या, मगच सांगतो. मागे एका मित्राला हे ऐकताना असा ठसका लागला, की त्याच्या पाठीत गुद्दे घालता घालता माझा शेवट सांगायचा राहूनच गेला. माझी फजिती झाली ती झाली, निदान पूर्ण तरी ऐका.

झालं काय, परवा आमची लेक सुनंदा नवी मोटार घेऊन लोणावळ्याला आली. गाडी दारात आली तरी आवाज नाही. मी विचारलं, "ढकलत आणलीस का गं?"

"बाबा, हायब्रिड आहे ती."

आता हायब्रिड ज्वारी मला ठाऊक. भाकरी बेचव लागते, तीच ती. पण हायब्रिड मोटार?

"तिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीवर चालणारी विजेची मोटरही आहे," सुनंदा म्हणाली.

"बॅटरी तर आमच्या वेळच्या गाड्यांतही असायची."

"ती हॉर्न आणि दिव्यांपुरती, बाबा. ती मोजायची नाही. दोन वेगवेगळ्या शक्ती पाहिजेत आणि दोन्हींनी चाकं फिरवली पाहिजेत. कधी ही, कधी ती, कधी दोन्ही मिळून. तरच हायब्रिड."

मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, "पोरी, मग तू तान्ही असताना या घरात पहिल्यांदा आलीस, ती हायब्रिडमधूनच."

स्वयंपाकघरात पातेलं आपटल्याचा आवाज आला. "सांगा की," आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, "पण सगळं सांगा."

घ्या, म्हणजे सगळंच सांगणं आलं.

आमच्या मंडळींचं माहेर मावळातल्याच इंदुरी गावचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, ती हीच सुनंदा. मी तेव्हा लोणावळ्यातल्या एका हॉटेलात कारकून होतो. बारशाला गेलो, लेकीला जेमतेम हातात घेतलं, तेवढ्यात कुणीतरी "मान धरा, मान" म्हणून काढूनही घेतली. निघताना सासऱ्यांना, म्हणजे हैबती आबांना विचारलं, "मग कधी न्यायला येऊ?"

आबा म्हणाले, "एस्टीच्या धक्क्यानं माजी नात न्हाई जायची. मोटार आना अन् घिऊन जा."

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. हॉटेलातल्या पोराला लेक कशाला देता, असं भावकीतली माणसं आबांना लग्नाआधी म्हणाली होती, आणि ते माझ्या कानावर आलेलं होतं. शिवाय घर खायला उठत होतं. मी पाळणा टांगून ठेवला होता आणि संध्याकाळी कामावरून आलो की रिकामाच हलवत बसायचो. शेजारीण एकदा दारातून ते बघून परत फिरली.

आमच्या हॉटेलमालकांची एक जुनी मोटार मागच्या पडवीत पडून होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मालक म्हणाले, "चालली तर ने." मेकॅनिकने ती उघडली, पुसली, शिव्या दिल्या, आणि ती चालली की हो! हॉर्न तर असा खणखणीत, की पहिल्यांदा दाबला तेव्हा मीच दचकलो.

एकच खोड होती. सपाटीला शहाण्यासारखी जायची, पण चढ दिसला की खोकायची आणि बसायची. सरावाला म्हणून कामशेतपर्यंत गेलो, तर येताना चढावर बसली. तिथल्या एका भल्या शेतकऱ्याने आपली बैलगाडी सोडली, बैल माझ्या मोटारीला जुंपले आणि वर काढून दिली. वर आल्यावर इंजिन पुन्हा सुरू. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. मी म्हटलं, कशाला? मावळात चढ किती आणि बैल किती! सपाटीला इंजिन, चढाला बैल. स्वतःच्या अकलेवर इतका खूश मी पुन्हा कधीच झालो नाही.

तेवढ्यात आबांचा निरोप आला. पोळ्याला जेवायला या, रात्री राहा, दुसऱ्या दिवशी घट बसतात, चांगला दिवस आहे, लेकीला घेऊन जा. आपल्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला, हे मला माहीत होतं. पुरणपोळीही डोळ्यांसमोर होती. पण पोळा हा बैलांचा सण असतो, एवढी एक गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यात आली नाही.

लोणावळ्याहून खाली जायचं म्हणजे उतारच उतार. गाडी कशी मजेत गेली. इंदुरीच्या अलीकडे एक चढ लागला, तिथे ती खोकली आणि बसली. मी मुळीच घाबरलो नाही. शेजारच्या विहिरीवर एक गडी आपल्या बैलांची शिंगं रंगवत होता. मी आरामात खाली उतरलो.

"दादा, जरा बैल जुंपा की. एवढा चढ काढायचाय."

बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला मी धुणं धुवायला बोलावलं असावं, असा तो माझ्याकडे बघत राहिला.

"आज?"

"हो, आत्ताच."

"पावनं, पोळा हाय. काल तूप-हळद लावून खांदं मळलं. आज त्या खांद्यावर जू ठिवलं तर गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का? कुनाचं पावनं तुमी?"

"हैबती आबांचा जावई."

"आरं द्येवा," म्हणून तो पुन्हा शिंगांकडे वळला.

मी रस्त्यावर उभा. चहूकडे बैल. रंगवलेले, झुली घातलेले, घुंगरं वाजवणारे. आणि माझ्या कामाचा एक नाही.

एवढ्यात समोरून हलगी ऐकू आली. गावच्या बैलांची मिरवणूक चढ उतरून येत होती. दोन्ही बाजूंना बांध, मधे अरुंद रस्ता आणि रस्त्याच्या मधोमध मी. सगळ्यात पुढे मानाची जोडी, आणि तो मान त्या वर्षी नेमका आबांच्या जोडीला होता. डोईला नवा पटका, हातात सर्जा बैलाचा कासरा, असे आबा येताना दिसले.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मला वाटलं, जावई मोटार घेऊन आलाय हे आबांना लांबूनच कळायला हवं. मी आत बसलो आणि हॉर्न दाबला.

सर्जाने तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. त्याने कासऱ्याला हिसडा दिला आणि बांधावरून थेट भुईमुगात. बाशिंग कानावर लोंबतंय, झूल मागे फरफटतेय. हलगीवाला ओढ्यात बसला. सगळा गाव मिरवणूक सोडून सर्जामागे पळाला आणि त्यात सर्वांत पुढे आबा.

बऱ्याच वेळाने ते माझ्या खिडकीशी आले. धोतर चिखलात, पटका हातात.

"बंद पडलीया?"

"व्हय आबा." घाबरून मीही तसंच बोललो.

"मंग चढ कसा काडनार हुता?"

"बैल जुंपून."

"आज?"

संपलं सगळं, असं मला वाटलं. आता हे लेक पाठवत नाहीत आणि नातही. भावकी बरोबर बोलली होती. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच स्टिअरिंग पुसत बसलो.

आबांनी मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे मी माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी दुहेरी करून अंथरली होती, कडेने उशा लावल्या होत्या आणि वर एक एवढंसं टोपडं ठेवलं होतं. आबा त्या टोपड्याकडे बघत राहिले. मग वळून गावाला म्हणाले, "लावा रं हात. आज बैलास्नी सुट्टी हाय, मान्सास्नी न्हाई."

मी ढकलायला खाली उतरू लागलो, तर म्हणाले, "जावयानं न्हाई ढकलायचं. बसा. अन् त्यो भोंगा तेवडा वाजवू नगा."

माझी मोटार पोळ्याच्या मिरवणुकीत निघाली. ढकलणारे घामाघूम, मी आत देवासारखा बसलेलो. मारुतीला प्रदक्षिणासुद्धा घातली. कुणी बॉनेटवर गुलाल टाकला, कुणी हार घातला. घरासमोर आलो तर मंडळी ओवाळणीचं ताट घेऊन दारात. तिने सर्जाचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग मोटारीपाशी आली.

"ह्येलाबी ववाळ," आबा म्हणाले, "ह्यो बी मिरवून आलाय."

तिने बॉनेटला कुंकू लावलं. भुकेने जीव गेला होता म्हणून मी पोळीसाठी खिडकीतून हात काढला, तर हळूच म्हणाली, "थांबा, आधी बैलांचं."

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि आबांनी आपल्या हाताने सर्जाची जोडी मोटारीला जुंपली. भाऊबंद हसले तेव्हा म्हणाले, "मोटार आना म्हनलो, त्यांनी आनली. चालती आना, असं कुटं म्हनलो हुतो?"

तर आबा बॉनेटवर कासरे धरून, मागे मंडळी आणि मांडीवर सुनंदा, चाकाशी मी. लोणावळ्यापर्यंत चढच चढ. कामशेतला ओढता ओढता इंजिन आपोआप सुरू झालं आणि खरंच सांगतो, बैल आणि इंजिन दोघंही एकदम चाकं फिरवायला लागले. आनंदाच्या भरात मी काय केलं असेल? हॉर्न दाबला.

"बंद करा त्ये!" आबा ओरडले. जोडी त्यांनी कशीबशी आवरली. इंजिन बंद केलं, ते मग घर येईपर्यंत बंदच.

"बघ सुनंदा," मी म्हटलं, "दोन शक्ती, दोन्ही मिळून चाकं फिरली. हायब्रिड की नाही?"

सुनंदा मान्य करणार, एवढ्यात मंडळी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"शक्ती दोनच होत्या," त्या लेकीला म्हणाल्या. "एक सर्जाची जोडी आणि दुसरे माझे आबा. तुझे बाबा हॉर्नपुरते होते. ते मोजायचं नाही, म्हणालीस ना तू?"