दाजीच्या पुढं कसं जायचं

लंडन, न्यूयॉर्क, बर्लिन, टोकियो, या सगळ्या गावांच्या मॅरेथॉनी मी परभणीत बसून पाहिल्यात. माझं पाइपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक ठिबकची नळी मागायलंय आणि मी गल्ल्यावर बसून मोबाइलात लंडनच्या पुलावरून पळणारी हजारो माणसं बघायलोय, हे आमच्या बाजाराला आता नवीन राहिलं नव्हतं. डॉक्टरनं पोट बघून चालायला सांगितलं होतं. मी चालता चालता पळायला लागलो आणि एक दिवस सकाळच्या ग्रुपमध्ये बोलून गेलो की, यंदा मुंबईची अर्धी मॅरेथॉन मारणार, पुढच्या वर्षी लंडन.

सकाळचा ग्रुप म्हणजे विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरून झाल्यावर चहाला बसणारी आठ-दहा रिकामी माणसं. त्यांना कुणाचा तरी सत्कार करायचाच असतो. त्यांनी माझ्या फोटोचं बॅनर छापलं, त्यावर ‘परभणीची शान’ लिहिलं आणि मी मुंबईहून परतेन त्या संध्याकाळी हॉलही ठरवून टाकला. शाल, नारळ आणि मेडलसकट फोटो. मी अजून गाडीचं तिकीटही काढलं नव्हतं. नको म्हणायला पाहिजे होतं, पण कशाला खोटं बोलू, मला बॅनर लय आवडलं होतं.

बायकोनं बॅनर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वाटंत कुठं पडलात तर उचलायला कोण, असं तिनं विचारलं. मी चिडलो. ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. शेवटी तिनं अट घातली की तिच्या धाकट्या भावाला संगं न्यायचं, तो माझ्या मागं पळंल, तरच मुंबई. मग मी त्याचंही नाव नोंदवलं.

तिचा भाऊ म्हणजे माझा मेव्हणा राणीसावरगावला मेंढरं पाळतो. दिवसभर रानोमाळ मेंढरामागं चालणारा माणूस, त्याला पळणं काय आणि चालणं काय. बोलणं कमी. आणि माझा मान इतका ठेवतो की कधी कधी मलाच अवघडल्यासारखं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी बाजेवर बसलो की तो खाली बसणार. मी जेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. रस्त्यानं निघालो तर एक पाऊल मागं. आमच्याकडं दाजीचा मान असतोच, पण हा माणूस त्यात जरा जास्तच करतो.

मुंबईला त्याची काठी मी सामानात ठेवायला लावली. काठीशिवाय त्याला हात कुठं ठेवावेत तेच कळेना. बूट त्याला चावायला लागले, ते काढून त्यानं हातात धरले, म्हणजे हातांचाही प्रश्न मिटला. भोवती हजारो माणसं, गाणी, भोंगे. तो एकदाच म्हणाला की एवढ्या गर्दीत आपलं मेंढरू चुकलं तर सापडायचं न्हाई. आपलं मेंढरू म्हणजे मीच, हे मला जरा उशिरा कळलं.

पहिला निम्मा रस्ता मी झोकात पळालो. पुलावर समुद्राचं वारं, कडेला टाळ्या वाजवणारी पोरंसोरं, मला वाटलं लंडन काही लांब नाही. मग मागं वळून बघितलं तर मी जिवाच्या आकांतानं पळतोय आणि मेव्हणा माझ्या मागं नुसता चालतोय. चालतोय! घामाचा टिपूस नाही. पाण्याच्या टेबलाजवळ तो खाली उकिडवा बसून सावकाश पाणी प्यायचा, कारण उभ्यानं पाणी पिऊ नये, आणि तरी पुढच्या वळणावर माझ्या मागं हजर.

मला लय राग आला. मी म्हणालो, पाव्हणं, तुम्ही व्हा पुढं, माझ्यासाठी रखडू नका. तो आणखी एक पाऊल मागं सरकला. मग माझा वेग उतरला. म्हातारी माणसं मला मागं टाकून गेली, पिवळा फुगा बांधलेली एक बाई गेली, वाघाचं सोंग घेतलेला एक जण गेला. वेळेच्या आत पोचलं तरच मेडल होतं. मेडल नसलं तर मी त्या बॅनरखाली कोणत्या तोंडानं बसणार, एवढाच एक विचार डोक्यात. पाय उचलंना. तेव्हा मेव्हण्यानं मागून तोंडानं तो मेंढरं हाकायचा आवाज काढायला सुरुवात केली. भर मुंबईत, हजार लोकांत! आणि सांगायला लाज वाटते, पण माझे पाय चालायला लागले.

असा हाकत हाकत त्यानं मला शेवटच्या कमानीपर्यंत आणला. वरच्या घड्याळात थोडा वेळ शिल्लक होता. चार पावलं टाकली की मेडल. मी मागं बघितलं. तो हातात बूट धरून एक पाऊल मागं थांबला होता, मी पुढं जाण्याची वाट बघत. मनात आणलं असतं तर हा माणूस केव्हाच पोचून, अंघोळ करून, चहा पिऊन बसला असता. सकाळपासून शेकडो लोक मला ओलांडून गेले आणि ज्याला सगळ्यात सोपं होतं तो एकटाच तेवढा गेला नव्हता. आणि कुणी माझ्यासाठी एवढं केलं की मी चिडतो, ही माझी जुनी सवय आहे.

मी थांबलो. म्हणालो, आधी तुम्ही. तो म्हणाला, छे, आधी तुमी. मी म्हणालो, बरं, दोघं बरोबरीनं जाऊ. त्यानं कानाला हात लावला.

“दाजीच्या बरोबरीनं कसं जावं? अक्का काय म्हणंल?”

कमानीखालच्या पोरी ओरडायला लागल्या, काका, या, या. घड्याळ पळत होतं. आमचं आपलं तुमी, न्हाई तुमी, चालूच. शेवटी माझं डोकं फिरलं.

“तुमच्या अक्काची शप्पथ हाय. व्हा पुढं!”

त्याचा चेहरा पडला. बहिणीच्या शपथेपुढं त्याचं काय चालणार? खाली मान घालून तो माझ्या कडेनं गेला आणि कमानीखालून पार झाला. मी पाऊल उचललं तर पोटरीत असा गोळा आला की मी जागच्या जागी मटकन बसलो, कमान चार पावलांवर असताना. तो परत फिरायला बघत होता, त्याला पोरींनी धरून ठेवलं. मी रांगत रांगत पोचलो तोवर वेळ संपली होती. मेव्हण्याच्या गळ्यात मेडल पडलं आणि मला केळं मिळालं.

गाडीत तो परभणीपर्यंत माझ्याशी नजर मिळवंना. दाजीच्या पुढं गेलो, हेच त्याच्या मनाला लागलं होतं. घरी आल्यावर बायकोनं आधी मला फैलावर घेतलं, मेडलसाठी नव्हे, तिची शप्पथ घातली म्हणून. तिचं चालू असतानाच मेव्हणा बाजारात जाऊन आला. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी डोक्यावर ठेवायला उचलली तर आतून काहीतरी मांडीवर पडलं. मेडल. मी ते त्याच्यापुढं धरलं, त्यानं हात मागं घेतले. सासुरवाडीचा आहेर परत करत नाहीत, हे मला ठाऊक आणि त्यालाही. इतका गरीब दिसणारा माणूस इतका पक्का असेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी हॉलमध्ये मी खरं काय ते सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, भावना पोचल्या, आणि बॅनरवर फोटो माझा होता म्हणून शाल मलाच घातली. मेव्हणा शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पण आहेराला परतीचा आहेर करता येतो. दिवाळीला मी राणीसावरगावला गेलो आणि त्याला टॉवेल-टोपी केली, मेडल टोपीतच. अक्षय्य तृतीयेला ते नव्या टोपीतून परभणीला आलं. बायको म्हणते, या घरात टोप्या ठेवायला जागा उरली नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आधी मेंढरांचं सांगितलं, मग अक्काची तब्येत विचारली, मग पुन्हा मेंढरांचं. मला वाटलं आता फोन ठेवतोय.

“दाजी, औंदा कमानीखालनं बरोबरीनं जाऊ का?”

मी लगेच हो म्हणून टाकलं, नाहीतर त्यानं शब्द मागं घेतला असता.